मोजणी चालू आहे

जमुनाने सरळच विचारलं, "मिस्त्री, आपून लग्न करून घ्याचं काय?"

गजेंद्र म्हणाला, "एकशे सत्तावीस."

त्यानंतर तो एकशे अठ्ठावीस म्हणाला, एकशे एकोणतीसही म्हणाला. उजवा हात वाइंडिंग मशीनच्या हँडलवर गोल फिरत होता, डाव्या हाताच्या बोटांतून तांब्याची तार सरकत जाऊन लाकडी फर्म्यावर वेढा धरत होती, आणि नजर त्या तारेवरून तसूभर हलली नव्हती. कान तेवढे लाल झाले होते. जमुना एकशे चाळीसपर्यंत उभी राहिली. मग शेजारच्या आपल्या दुकानात गेली आणि कूलरची खसाची, म्हणजे वाळ्याची, ताटी इतकी आवळून बांधायला घेतली की सुतळीच तुटली.

अकोल्यात टिळक रोडच्या मागच्या या गल्लीत फेब्रुवारी लागला की माणसांपेक्षा कूलर जास्त दिसतात. वर्षभर गच्चीवर आणि जिन्याखाली पडलेले पत्र्याचे डबे एकदम घरच्यांना आठवतात. ज्याची मोटार जळाली तो गजेंद्रकडे येतो, ज्याच्या ताट्या सडल्या तो जमुनाकडे, आणि ज्याचं दोन्ही झालं तो रस्त्यातच उभा राहून बायकोला फोन लावतो.

मोटार जळाली म्हणजे आतली जुनी तार काढून नवी भरायची. प्रत्येक कॉइलचे वेढे ठरलेले. कमी भरले की मोटार तापते, जास्त भरले की पंखा आळशी होतो. म्हणून मोजत मोजत भरायचं. मध्येच कोणी बोललं आणि आकडा सुटला, की झालेली कॉइल उलगडा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करा. त्यावरून गल्लीत एक रिवाजच पडून गेला होता: मिस्त्री मोजत असला की तोंड उघडायचं नाही. चहावालासुद्धा कप ठेवून मुक्यानं निघून जाई.

असा रिवाज सज्जन माणसाच्या हाती लागला तर तो त्याचं काय करतो, हे पाहायचं असेल तर गजेंद्रकडे पाहावं. वर्गणीवाले दिसले की तो मोजायला लागे. बायको गेल्यावर सहानुभूतीच्या पोटी स्थळं घेऊन येणारे नातेवाईक दिसले की मोजायला लागे. एकदा मंडळाचे चौघं जण पावतीपुस्तक घेऊन तीनशेपर्यंत बसले. आकड्यांनी त्यांतल्या एकाला पेंग आली तेव्हा कुठं उठले.

जमुना हे सगळं मधल्या पत्र्याच्या भिंतीपलीकडून वर्षानुवर्षं ऐकत होती. माहेर भातकुलीचं, सासर अकोल्याचं, वय शेहेचाळीस. नवरा वारला तेव्हा लोकांनी दुकान विकायचा सल्ला दिला. तिनं सल्ला देणाऱ्यांनाच ताट्या विकल्या. माणसांचा हिशेब ठेवायची तिला खोडच होती, तीही डोक्यात, दोन रकाने पाडून. गजेंद्रच्या जमेच्या रकान्यात बरंच साठलं होतं. मोटार संध्याकाळी देतो म्हटलं तर संध्याकाळीच देतो. हसतो तेव्हा आवाज करत नाही, पोट हलतं. आणि मोठी गोष्ट म्हणजे, एप्रिल लागला की आपल्या दुकानातला कूलर तो थोडा तिरपा ठेवतो, म्हणजे भिंतीच्या वरच्या फटीतून अर्धा वारा तिच्याकडे येतो. याबद्दल तो कधी बोलला नव्हता, आणि तिनंही कधी विचारलं नव्हतं. खर्चाच्या रकान्यात एकच ओळ होती: बोलत नाही.

दिवाळीपासून तिनं त्याला 'गजेंद्रभाऊ' म्हणणं बंद करून 'मिस्त्री' म्हणायला सुरुवात केली. या गल्लीत दूधवाल्यापासून पोलिसापर्यंत सगळेच भाऊ. त्यामुळे एखाद्याचं भाऊपण काढून घेणं ही काही लहान बाब नव्हे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा गजेंद्रच्या हातातला पेचकस खाली पडला होता. जमुनानं तेही जमेला धरलं.

पण विचारल्यावर आकडा ऐकायला मिळेल हे तिच्या हिशेबात नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिनं वेळ साधली. तो वार्निश लावत होता, मोजायचं काही कारण नव्हतं. ती नुसती उंबऱ्यावर आली, तर ब्रश डब्यात टाकून तो मशीनवर जाऊन बसला.

"एक," तो म्हणाला.

"मिस्त्री, तुमी बसल्या जागी पळून राहिले."

"दोन," गजेंद्र म्हणाला.

शनिवारी प्रणाली आली. गजेंद्रची ही एकुलती एक पोरगी अमरावतीला इलेक्ट्रॉनिक्स शिकत होती आणि शनिवारी तिथल्या गिला वड्याचा पुडा घेऊन अकोल्याला येत असे. पुडा आधी जमुनाच्या दुकानात फुटायचा, मग घरी जायचा.

"प्रणाली," जमुना वडा मोडत म्हणाली, "तुह्या बाबाले मी एक गोष्ट इचारली. त्यायनं आकडा सांगितला."

प्रणालीनं तिच्याकडे पाहिलं. घास तसाच गालात धरून म्हणाली, "लग्नाचं इचारलं काय?"

"तुले कोनं सांगितलं?"

"कोनी कायले सांगते? घरी भाजीत मीठ कमी पडलं तरी बाबा म्हनतात, जमुनाबाईनं आज ठेचा नाई धाडला. मीठ मी टाकलं नाई, ठेचा तुमी धाडला नाई, दोष तुमचा." मग ती हसली, आणि वडा घशात अडकेपर्यंत हसली. जमुनानं तिच्या पाठीत दोन धपके घातले, त्यातला एक थोडा जास्त जोरात बसला.

"हसू नको. तुले चालते काय, ते सांग आधी."

"मले चालते व काकू. मी इथी शनिवारची येतो, बाकी सहा दिवस त्यायच्याशी कोन बोलते? भिंत." प्रणालीनं हात पुसले. "पन तुमी कितीही इचारा, ते मोजतच राह्यतीन. मोजनंच काढून घ्या लागते त्यायच्याकडून."

"ते कसं?"

"मशीनले मोजू द्याचं."

दुपारी गजेंद्र घरी जेवून तासभर झोपतो, हे गल्लीला पाठ होतं. तेवढ्या वेळात दोघी त्याच्या दुकानात शिरल्या. प्रणालीनं मशीनच्या बाजूचा पत्रा काढला आणि जमुनानं मोबाइलचा उजेड धरला. आत एक गोल तबकडी होती, घड्याळासारखी, काटा आणि आकडे असलेली.

"हे काय व?"

"मोजाचा काटा आहे. मशीनसंगच येते. पन हा तं बंद आहे, मी बारावीत होतो तवापासून. गेअर तुटला म्हनत होते बाबा." प्रणालीनं बोट घालून दातेरी चाक फिरवलं. चाक मजेत फिरलं. दाते शाबूत, तेल ताजं. चाकाला दांड्याशी जोडणारी पिन तेवढी नव्हती. ती तुटलेली नव्हती, पडलेली नव्हती. कागदात गुंडाळून तबकडीच्या मागे व्यवस्थित ठेवलेली होती.

जमुनानं पुडी उजेडात धरली.

"बारावीत असताना," जमुना हळूच म्हणाली, "तुह्या मावशा बाबासाठी स्थळं आनत होत्या."

"दर आठवड्याले."

सबंध गल्लीच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या माणसाचं स्वतःचं मशीन एवढी वर्षं नादुरुस्त कसं, हा प्रश्न आपल्याला आधी का पडला नाही, याचा जमुनाला राग आला. त्याहून जास्त राग, आपणही त्या मावशांच्याच पोत्यात भरले गेलो याचा आला. आणि मग, पत्रा काढलेल्या मशीनपुढे उभी राहून, तिला हसू आलं. एवढी चलाखी या माणसात असेल असं तिनं धरलंच नव्हतं. जमेच्या रकान्यात आणखी एक ओळ पडली.

"पिन लावून दे ना मंग," ती म्हणाली.

"लावली तं उद्या पुन्हा काढतीन, अन् म्हनतीन तुटली. आपून असं लावू का ज्यात त्यायले हात घालता येनार नाई."

पुढल्या शनिवारी प्रणाली अमरावतीच्या राजकमल चौकाजवळच्या दुकानातून सामान घेऊन आली. जमुनाच्या कूलरच्या पत्र्यातून तिनं बशीएवढी चकती कापली, तिच्या काठावर एकच खाच पाडली, आणि चकती मशीनच्या दांड्यावर घट्ट बसवली. काठाच्या दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखा एक छोटा काळा तुकडा आला.

"याच्या या बाजूनं उजेड निघते, डोळ्याले न दिसनारा. त्या बाजूले तो पाह्यनारा डोळा. मधात पत्रा असला का अंधार. खाच आली का उजेड. म्हनजे एक वेढा झाला. हे बोर्ड तो उजेड मोजते अन् इथी आकडा दाखवते." काडेपेटीहून जरा मोठा तो बोर्ड तिनं एका प्लास्टिकच्या डबीत घातला. डबीवर लाल आकड्यांची पट्टी होती आणि शून्य करायचं एक बटण.

गजेंद्र झोपून आला तेव्हा दुकानात त्याच्या मशीनवर लाल शून्य चमकत होतं, मुलगी हात पुसत होती आणि जमुना निरागस चेहरा करून उभी होती. हा चेहरा तिला शोभत नसे.

"बाबा, आता तोंडानं मोजा लागनार नाई. मस्त बोलत बोलत काम करा."

गजेंद्रनं हँडल फिरवलं. एक. फिरवलं. दोन. खोलवर दुखावलेली माणसं वाकतात तसा वाकून त्यानं डबीखाली पाहिलं.

"चांगलं आहे," तो म्हणाला. प्रणालीचं कौतुक केल्याशिवाय त्याला राहवलं नाही, पण आवाज स्वतःचीच नोकरी गेल्यासारखा आला.

सोमवारी चंद्रभान आला. बार्शीटाकळीकडचा शेतकरी, जुनं गिऱ्हाईक. मोटार दुरुस्तीला आणतो आणि ती होईपर्यंत स्टुलावर बसून गावच्या बातम्या देतो. गजेंद्र मोजायला लागला की त्यालाही गप्प बसावं लागे, त्यामुळे त्याच्या बऱ्याच बातम्या शिळ्या होऊन परत जात. आता मशीन मोजतं म्हटल्यावर त्यानं चार वर्षांचा साठा काढला. जावयाला म्हशीनं कसं नाल्यात ओढलं इथपर्यंत तो आला तेव्हा गजेंद्रचं पोट हलत होतं. जमुनाच्या दुकानात आलेल्या एका कूलरची मोटार तो आधी भरत होता. आकडा लाल लाल पुढे जात होता.

संध्याकाळी ती मोटार लावली. अर्ध्या तासात हात लावता येईना, आणि वार्निशचा वास गल्लीच्या टोकापर्यंत गेला.

गजेंद्रनं कॉइल काढून उलगडली, तोंडानं मोजत. डबीनं दोनशे दाखवले होते तिथं वेढे एकशे शहात्तर होते. तसा त्याचा चेहरा उजळला.

"पोट्टीचं मशीन चांगलं आहे," तो जमुनाला म्हणाला, "पन भरवशाचं नाई. मलेच मोजा लागते." आणि दुसऱ्या दिवशी चंद्रभान दारात दिसताच तो सुखानं म्हणाला, "एक."

जमुनानं अमरावतीला फोन लावला.

"चोवीस वेढे गेले कुठी?" प्रणाली म्हणाली. "काकू, बाबा हँडल सरळच फिरवत होते ना?"

जमुना डोळे मिटून आठवू लागली. माणसाचं काही तिच्या नजरेतून सुटत नसे, फक्त ते कुठल्या रकान्यात घालायचं हे कधीकधी कळत नसे. "सरळ फिरवत होते. पन म्हशीची गोष्ट आली तवा थांबले. थांबले म्हनजे हात सुटला नाई. हँडल असं मागंपुढं, मागंपुढं. पाळना हलवल्यावानी. ते आयकताना असंच करतात, नेहमी."

पलीकडे प्रणाली कपाळावर हात मारल्यासारखं हसली. "खाच डोळ्यापुढून पुढं गेली तरी एक, मागं आली तरी एक. एकच डोळा आहे, त्याले दिशा कशी समजनार? बाबा हसत राह्यले अन् मशीन वेढे धरत राह्यलं."

"मंग?"

"दुसरा डोळा लावू. बाजूले, जरा सरकवून. खाच पह्यल्याले आधी दिसली तं माणूस पुढं चालला. दुसऱ्याले आधी दिसली तं मागं येऊन राहिला. पुढं गेला तं एक वाढवाचा, मागं आला तं एक कमी कराचा."

"माणसायले असं लावता आलं असतं तं बरं झालं असतं," जमुना म्हणाली.

शनिवारी दुसरा डोळा बसला. प्रणालीनं बापाला समोर उभं करून हँडल पुढेमागे हलवलं. आकडा एक झाला, शून्य झाला, एक झाला, शून्य झाला, त्याच्यापुढे गेला नाही. गजेंद्रनं स्वतः हलवून पाहिलं. दहा वेढे पुढे, तीन मागे. सात. पुन्हा केलं. पुन्हा सात. आता त्यात खोट काढायला जागा नव्हती, आणि खरं काम खोटं म्हणायची त्याला सवय नव्हती.

"बरोबर आहे," तो म्हणाला. प्रणालीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि संध्याकाळच्या गाडीनं अमरावतीला गेली. जाताना तिनं जमुनाच्या दुकानापुढे नुसती मान हलवली.

सोमवारी सकाळी अकरा वाजता जमुना त्याच्या दुकानात आली आणि उंबऱ्यावर न थांबता आत येऊन बसली. दोनदा प्रयत्न करून झाला होता. तिसऱ्यांदा विचारल्यावर चौथ्यांदा विचारायला तोंड राहत नाही, हे तिला कळत होतं. आज नाही म्हटलं तर त्या पत्र्याच्या भिंतीला लागून उरलेलं आयुष्य काढायचं होतं. चंद्रभान स्टुलावर होता. असू दे म्हणाली मनात.

"मिस्त्री, मोजाले आता मशीन आहे. तोंड रिकामं आहे. लग्नाचं काय ते सांगा."

चंद्रभाननं हातातला चहा हवेतच धरला.

गजेंद्रनं हँडल फिरवायला सुरुवात केली. आकडा वाढू लागला. वीस. तीस. जमुनानं फर्म्याकडे पाहिलं.

"तार नाई लावली तुमी."

हात थांबला. आकडा त्रेचाळीसवर होता. गजेंद्रनं रिकाम्या फर्म्याकडे पाहिलं, मग डबीकडे, मग प्रथमच जमुनाकडे. आणि हँडल उलटं फिरवायला लागला. बेचाळीस. एक्केचाळीस.

"आता हे काय करून राहिले?"

"शून्यावर येऊ द्या. मंग सांगतो."

ती थांबली. चंद्रभानही थांबला. रस्त्यात एक कूलर घेऊन आलेला ऑटोवाला काय चाललंय न कळता तोही थांबला. पाच, चार, तीन, दोन, एक, शून्य. हात थांबला नाही. प्रणालीनं काम चोख केलं होतं. आकड्यापुढे एक बारीक आडवी रेघ उमटली.

"उणे एक," जमुनानं वाचलं. "उणे दोन. उणे तीन. मिस्त्री, पाताळात चालले तुमी."

आणि गजेंद्र हसला. पोट हललं, आणि या खेपेला आवाजही आला, एवढा मोठा की तो स्वतःच दचकला. हँडल सुटलं.

"मले बोलता नाई येत," तो म्हणाला. "प्रणालीची आई म्हने, तुमच्यासंग राह्यनं म्हनजे बंद रेडिओपुढं बसनं. दुकानात मोजतो म्हनून लोक समजून घेतात. घरी कायच्या नावानं गप राहू? तुमी दोन महिन्यात कंटाळसान. मंग इकडं याचं बंद करसान, अन् भिंतीपल्याडून बोलसान तेही दबून बोलसान. आता कशा मोकळ्या बोलता. मी आयकत असतो दिवसभर. खसाची ताटी अन् लाकडाच्या भुशाची ताटी यातला फरक तुमी गिऱ्हाइकाले सांगता, तो मले तोंडपाठ आहे."

"मोजता मोजता आयकता?"

"हाव," त्यानं मान डोलावली.

"आकडा नाई सुटत?"

"सुटते ना. कित्येक कॉइली तुमच्यापायी पुन्हा भरल्या. सांगाचं कोनाले?"

हा माणूस एका दमात इतकं बोलू शकतो, ही नोंद कुठल्या रकान्यात घालावी ते जमुनाला सुचेना. डोळ्यांच्या कडा तिनं पदरानं टिपल्या आणि वार्निशचा वास लई आहे म्हणून तक्रार केली. वार्निशचा डबा बंद होता.

"बोलाचं काम माह्याकडं द्या," ती म्हणाली. "तुमी आयका. आयकनारा माणूस मले आजवर भेटला नाई, अन् ताट्या घेनारे समदे घाईत असतात. आता उत्तर सांगा."

"हाव," गजेंद्र म्हणाला.

"कायचं हाव? माही मोटार झाली काय?" चंद्रभान म्हणाला. त्याला सगळं समजलं होतं, पण बातमी पक्की करून घेतल्याशिवाय तो गावी नेत नसे.

"लग्नाचं हाव," गजेंद्र म्हणाला. "मोटार बाकी आहे."

जमुनानं डबीचं बटण दाबून उण्याचं शून्य केलं, तारेचं टोक त्याच्या बोटांत दिलं आणि म्हणाली, "भरा आता चंद्रभानभाऊची मोटार. बोलत बोलत भरा."

त्यानं भरायला घेतली आणि बोलायलाही. रविवारी भातकुलीला तिच्या भावाकडे, पुंजारामकडे, स्वतः जाऊन विचारायचं. एसटीनं जावं की अमरावतीवरून प्रणालीला घेऊन जीपनं जावं. पुंजाराम रागावला तर काय, नाही रागावला तर काय. साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, पातोडीची भाजी असावी, पण ती गल्लीतल्या आचाऱ्याला जमत नाही, मागे एकदा पाण्यासारखी झाली होती, त्या लग्नात नवरदेवाचा मामा रुसला होता, आणि तो का रुसला होता त्याचीही एक गोष्ट होती. जमुना दोनदा मध्ये बोलायला गेली, पण जागा मिळाली नाही. चंद्रभानचा चहा थंड झाला.

"मिस्त्री," अखेर तो म्हणाला, "माह्या कॉइलले दोनशेच लागतात ना?"

गजेंद्रनं डबीकडे पाहिलं. लाल आकडा दोनशे चौदावर होता.

"चौदा जास्त झाले," तो म्हणाला, आणि मामाची गोष्ट न थांबवता हँडल मागे फिरवू लागला.